काळ्या पाषाणाचा वाचक : स्टीफन हिस्लॉप

आपल्या हैदराबाद शहराभोवती जिकडे पाहावे तिकडे प्रचंड शिळा दिसतात. एखाद्या राक्षसाच्या मुलांनी खेळता खेळता एकीवर एक रचून ठेवाव्यात आणि तशाच टाकून निघून जावे, अशा त्या उभ्या आहेत. गोवळकोंड्याचा किल्ला अशाच एका टेकडीवर वसलेला आहे. करड्या व किंचित गुलाबी रंगाच्या या दगडाला ग्रॅनाइट म्हणतात. परंतु आपल्यापैकी पुष्कळांची मूळ गावे मराठवाड्यात आहेत. सुट्टीत आजोळी जाताना गाडीच्या खिडकीतून आपण बाहेर पाहतो, तेव्हा काही अंतरानंतर या गोल शिळा नाहीशा होतात. डोंगर सपाट माथ्याचे व पायऱ्यापायऱ्यांचे दिसू लागतात. शेतातील माती काळीभोर होते. विहिरीचे बांधकाम, वाड्याची जोती, देवळाच्या पायऱ्या, सारे काही काळ्या दगडाचे असते. वेरूळचे कैलास लेणेही याच काळ्या पाषाणात कोरलेले आहे.

दगडाचा रंग असा का बरे पालटतो? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर ते ज्वालामुखी हे होय. पण एका शब्दाचे उत्तर परीक्षेपुरते असते. ते उत्तर मिळविण्यासाठी ज्यांनी उन्हातान्हात पायपीट केली, हातोडीने दगड फोडले आणि त्यांत काय दडले आहे हे डोळ्यांत तेल घालून पाहिले, त्यांची आठवण ठेवल्याखेरीज त्या उत्तराची गोडी कळत नाही. अशा माणसांपैकी एक म्हणजे नागपूरचे स्टीफन हिस्लॉप. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आजही आहे, त्यामुळे त्यांचे नाव पुष्कळांच्या कानांवर असते. परंतु त्यांनी दगडांत काय वाचले हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडच्या दक्षिण भागातील डन्स या लहानशा गावी 8 सप्टेंबर 1817 रोजी झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. ज्या गावी आपले सारे आयुष्य जावयाचे आहे, तेथे तोफा धडधडत असताना हा बालक हजारो कोसांवर पाळण्यात होता. त्याचे वडील गवंडी होते. दगड घडविणाऱ्याच्या घरी जन्मलेल्या मुलाने पुढे दगडांचाच अभ्यास करावा, हा एक मौजेचा योग म्हटला पाहिजे. लहानपणी आपल्या थोरल्या भावाबरोबर रानोमाळ हिंडावे, किडे गोळा करावेत, निरनिराळे दगड खिशात भरून आणावेत, असा त्याचा छंद होता. पुढे एडिंबरो व ग्लासगो येथे त्याचे उच्च शिक्षण झाले. धर्मोपदेशक होण्याचा निश्चय करून 1844 साली तो तरुण पत्नीसह हिंदुस्थानास निघाला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात मुंबई बंदरात उतरला. 1845 च्या आरंभी हिस्लॉप नागपुरास पोहोचले. तेव्हा तेथे तिसरे रघुजी भोसले राज्य करीत होते.

परक्या देशात येऊन राहणाऱ्याने पहिली गोष्ट करावयाची ती तेथील भाषा शिकण्याची. हिस्लॉप यांनी मराठी आत्मसात केली. 1846 साली त्यांनी नागपुरात शाळा काढली आणि पुढील सतरा वर्षे ती सांभाळली. शिकविणे आणि गावोगाव हिंडून उपदेश करणे हे त्यांचे नित्याचे काम होते. परंतु या हिंडण्यात त्यांचा बालपणीचा छंद जागा राहिला. पाऊलवाटेने जाताना त्यांची नजर सदैव जमिनीवर असे. 1847 साली रॉबर्ट हंटर नावाचे तरुण सहकारी त्यांना येऊन मिळाले. त्यांनाही हीच आवड होती. मग काय विचारता! संध्याकाळचे फिरणे म्हणजे दोघांची भूशास्त्राची शाळाच होऊन बसली.

येथे एक गोष्ट आपण हैदराबादकरांनी अभिमानाने ध्यानात ठेवावी. आपल्या शहरातून उत्तरेकडे नागपूरला जाणारा रस्ता निर्मळवरून जातो. या मुलखातच ग्रॅनाइट मागे पडतो आणि काळा पाषाण सुरू होतो. मद्रासच्या सैन्यातील माल्कमसन नावाच्या एका वैद्याने 1830 नंतरच्या दशकात याच बाजूच्या डोंगरांत, काळ्या पाषाणाच्या सान्निध्यात, गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे अवशेष शोधून काढले होते. म्हणजे हिस्लॉप यांना नागपुरात जे कोडे पुढे भेटावयाचे होते, त्याचा एक धागा हैदराबाद-नागपूर वाटेवर आधीच हाती आलेला होता.

नागपुरात ते कोडे भेटले ते टाकळी येथे. त्या वेळी टाकळी हे शहराच्या वायव्येस असलेले लहानसे खेडे होते. 1851 च्या सुमारास हिस्लॉप आणि हंटर यांना तेथे काळ्या पाषाणाच्या दोन थरांच्या मध्ये एक पातळ, निराळ्याच रंगाचा थर आढळला. खाली काळा दगड, वरही काळा दगड आणि मधोमध हा परका थर! एखाद्या भाकरीच्या दोन पापुद्र्यांमध्ये सारण भरावे तसे ते दिसत होते. त्यांनी हातोडी चालविली. आतून निघाले गोगलगाईंचे शंख, वनस्पतींची फळे व बिया, लाकडाचे तुकडे आणि नाजूक किड्यांच्या पाठीवरील कवचे. सारे काही दगड होऊन गेलेले, पण आकार मात्र जसाच्या तसा राहिलेला.

विद्यार्थी मित्रहो, यात आश्चर्य कशाचे, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी काळा पाषाण मुळात कसा तयार झाला हे आपण क्षणभर समजून घेऊ.

आपली पृथ्वी वरून थंड दिसते, पण जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढत जाते. इतक्या उष्णतेने तेथील खडक वितळून पाणी का होत नाहीत? कारण वरच्या खडकांचे अफाट ओझे त्यांना दाबून धरते. उंच पर्वतावर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी कमी उष्णतेतच उकळते, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. खडकांचेही काहीसे तसेच आहे. पृथ्वीच्या पोटातील अतितप्त खडक हळूहळू वर सरकू लागला, म्हणजे त्यावरील दाब घटतो आणि मग त्याचा काही भाग वितळतो. या वितळलेल्या द्रव्याला शिलारस म्हणतात. तो भोवतालच्या घट्ट खडकापेक्षा हलका असतो, म्हणून पाण्यात सोडलेले तेल जसे वर येते तसा तो वर येऊ पाहतो. वाट सापडेल तेथून चढतो, कोठे साठून राहतो आणि अखेर कवच फोडून बाहेर पडतो. बाहेर पडल्यावर त्यालाच लाव्हा म्हणतात.

शिलारसात वायूही विरघळलेले असतात. सोड्याच्या बाटलीत वायू दिसत नाही, पण गोळी आत ढकलताच तो फसफसून वर येतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. शिलारस पृष्ठभागाजवळ आला की त्यातील वायूही असेच मोकळे होऊ लागतात. आता पुढे काय होणार हे त्या रसाच्या घट्टपणावर अवलंबून असते. चुलीवर पिठले रटरटू लागले म्हणजे आई आपल्याला दूर उभे राहावयास सांगते. कारण घट्ट पिठल्यात वाफ कोंडते, फुगा फुटतो आणि चटका देणारा थेंब अंगावर उडतो. पातळ कढी मात्र जास्त तापली तर नुसती काठावरून ओसंडून वाहते. ज्वालामुखीचेही हेच दोन प्रकार आहेत. घट्ट शिलारसाचा ज्वालामुखी भयंकर स्फोट करतो. इसवी सन 79 मध्ये इटलीतील व्हेसुव्हियस असाच फुटला आणि पॉम्पेई शहर राखेखाली गाडले गेले. 1883 च्या ऑगस्टमध्ये जावा व सुमात्रा यांच्या मधील क्राकाटोआ फुटला, तेव्हा त्याचा आवाज हिंदी महासागरातील हजारो मैल दूरच्या बेटावरही ऐकू गेला. पातळ लाव्ह्याला मात्र डोंगराच्या मुखाचीही गरज नसते. जमिनीला लांबच लांब भेग पडते आणि तीतून तो पुरासारखा पसरत जातो. आइसलँड बेटावर 1783 साली लाकी येथे सुमारे पंचवीस किलोमीटर लांबीच्या भेगेतून असा लाव्हा वाहू लागला आणि तो आठ महिने थांबला नाही.

आपल्या दख्खनचा काळा पाषाण हा या दुसऱ्या प्रकारचा, पण लाकीहून कितीतरी पटींनी मोठा. आज आपल्याला ठाऊक आहे की सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी येथे लाव्ह्याचे पूर एकामागून एक आले. एक थर निवून दगड होई, त्यावर दुसरा येई, त्यावर तिसरा. या थरांमुळेच आपल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात. हा दगड आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दोन हजार मीटरांहूनही अधिक भरते. त्याचाच चुरा होऊन कापसाची काळी माती झाली. आपला ग्रॅनाइटही एके काळी शिलारसच होता, पण तो बाहेर न येता भूमीच्या पोटातच सावकाश निवाला. तो या काळ्या पाषाणाहून फार म्हातारा असून त्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे आहे.

आता टाकळीच्या त्या थराकडे परत वळू. लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याची उष्णता हजार अंशांहून अधिक असते. अशा धगधगत्या रसात गोगलगाय जगेल काय? बी रुजेल काय? मुळीच नाही. मग दोन काळ्या थरांच्या मध्ये हे जीव आले कोठून? त्यांतील एक शंख फायसा नावाच्या गोगलगाईचा होता. तिच्या शंखाचा पेच डावीकडे वळलेला असतो, म्हणून ती चटकन ओळखू येते. ही गोगलगाय समुद्रात राहत नाही. तिला तळ्याचे गोडे पाणी लागते. याचा अर्थ उघड झाला. या ठिकाणी एके काळी तळे होते. त्याच्या काठी झाडे होती, झाडांवर किडे होते, पाण्यात शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई होत्या. एके दिवशी लाव्ह्याचा पूर आला आणि हे सारे झाकले गेले. परंतु त्या लाव्ह्यानेच त्याचे रक्षणही केले. तळ्यातील गाळ गारगोटीसारखा कठीण झाला आणि त्या बारक्या जीवांचे आकार त्यात अढळ राहिले.

यातील मर्म नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्वालामुखी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे केवळ आग उभी राहते. दख्खनमध्ये आग सतत नव्हती, असे हे तळ्यांचे थर सांगतात. एका पुरानंतर दुसरा येईपर्यंत विसावा होता. तप्त भूमी निवत होती, तिच्या खळग्यांत पावसाचे पाणी साचत होते, वाऱ्याबरोबर बिया येत होत्या आणि पुन्हा सारे हिरवे होत होते. काळ्या थरांत अग्नीचा इतिहास आहे, तर मधल्या पातळ थरांत त्या विसाव्याचा. काळे थर सर्वांना दिसतात. मधला थर पाहण्यास मात्र वाकावे लागते. हिस्लॉप वाकून पाहणारे होते.

त्यांनी केवळ पाहून सोडून दिले नाही. सापडलेल्या वस्तू जपून ठेवल्या, त्यांची वर्णने लिहिली आणि जाणत्या पंडितांकडे नमुने पाठविले. हिस्लॉप व हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरील निबंध 1854 साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेपुढे वाचला गेला. 1855 मध्ये हंटर प्रकृती बिघडल्यामुळे मायदेशी परतले. पुढे ते कोशकार म्हणून प्रसिद्ध झाले. हिस्लॉप यांनी काम चालू ठेवले आणि 1860 साली या काळ्या पाषाणाशी निगडित असलेल्या शंखशिंपल्यांवर आणखी एक निबंध प्रसिद्ध केला. नागपूरच्या दक्षिणेस मंगळी येथे त्यांना एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी सापडली होती. तिचे वर्णन रिचर्ड ओवेन या थोर प्राणिशास्त्रज्ञाने केले. एका हिरवट खनिजाला तर हिस्लॉप यांच्यावरून हिस्लोपाइट असे नावही मिळाले.

त्यांचे सर्वच तर्क बरोबर होते असे मात्र समजू नये. त्यांनी या थरांचे वय आज मानले जाते त्याहून अलीकडचे धरले होते. खालचा काळा थर आधीचा की मागाहून आत घुसलेला, याविषयीही त्या काळी पंडितांत एकमत नव्हते, आणि पुढील भूशास्त्रज्ञांनी अधिक प्रदेश पाहून तो क्रम निश्चित केला. दगडाचे वय मोजण्याची आजची साधने तेव्हा कोणाकडेच नव्हती. परंतु तर्क चुकला तरी जमविलेला पुरावा खरा असेल तर तो वाया जात नाही, हे शास्त्राचे वैशिष्ट्य आहे. त्यांच्या नावाने आज ज्यांचा अभ्यास होतो ते शंख आणि त्या बिया तेव्हा खऱ्या होत्या, आजही खऱ्याच आहेत.

हिस्लॉप यांची जिज्ञासा दगडांपुरती नव्हती. ते गोंड लोकांच्या वस्त्यांत जात, त्यांचे शब्द, चालीरीती आणि परंपरा लिहून घेत. गोंडांच्या लिंगो या वीरपुरुषाची दीर्घ गाथा त्यांनी एका प्रधानाच्या तोंडून उतरवून घेतली होती. भूमीच्या थरांत दडलेला इतिहास शोधणाऱ्याला माणसांच्या स्मृतीतील इतिहासाचेही मोल कळत होते.

1863 साल उजाडले. नागपूर प्रांताचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेंपल यांनाही पुराणवस्तूंची आवड होती. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे दगडांची मोठमोठी वर्तुळे आहेत. ती प्राचीन काळच्या लोकांनी आपल्या मृतांच्या स्मरणार्थ रचलेली असून त्यांच्या पोटात भांडी व लोखंडी वस्तू पुरलेल्या असतात. ही वर्तुळे पाहण्यासाठी सप्टेंबराच्या आरंभी हिस्लॉप तेथे गेले. 4 सप्टेंबरला अंधार पडल्यावर ते घोड्यावरून बोरी येथील मुक्कामाकडे परतत होते. पावसाळ्याचे दिवस होते. काळ्या मातीच्या मुलखातील ओढा सकाळी पायाच्या घोट्याइतका असतो आणि संध्याकाळी माणसाला गिळतो, हे खेड्यात राहणाऱ्यांना सांगावयास नको. वाटेतील ओढा फुगलेला होता. तो ओलांडताना हिस्लॉप बुडाले. त्यांना शेहेचाळिसावे वर्ष पुरे होण्यास अवघे चार दिवस उरले होते.

त्यांची टिपणे अपुरीच राहिली. टेंपल यांनी गोंड लोकांविषयीचे त्यांचे कागद जुळवून 1866 साली छापून प्रसिद्ध केले, म्हणून लिंगोची ती गाथा आज आपल्याला वाचावयास मिळते. त्यांच्या स्मरणार्थ 1883 साली नागपुरात महाविद्यालय सुरू झाले.

बालमित्रहो, ज्वालामुखी पाहण्यासाठी आपल्याला दूरदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्या देशातील अंदमानच्या बॅरन बेटावरचा ज्वालामुखी अधूनमधून जागा होतो हे खरे, पण निजलेल्या अग्नीची कथा तर आपल्या दारापर्यंत आलेली आहे. हैदराबादच्या पश्चिमेस विकाराबादजवळ अनंतगिरीच्या टेकड्या आहेत. शाळेची सहल तेथे जाईल तेव्हा खेळून झाल्यावर घटकाभर खाली पाहा. त्या परिसरात दख्खनच्या काळ्या पाषाणाची कड येऊन पोहोचली आहे. आजोळच्या विहिरीत डोकावाल तेव्हा तिच्या भिंतीत एकावर एक बसलेले थर मोजा. दोन काळ्या थरांच्या मध्ये एखादी तांबडी रेघ दिसली, तर ती लाव्ह्याच्या दोन पुरांच्या मधल्या विसाव्यात तयार झालेली माती असू शकेल.

हिस्लॉप यांच्याजवळ एक हातोडी, दोन डोळे आणि वाकून पाहण्याची सवय एवढेच भांडवल होते. हातोडी तर कोणत्याही गवंड्याच्या घरी सापडते. उरलेल्या दोन गोष्टी मात्र ज्याच्या त्याने आपल्या आपण मिळवावयाच्या असतात.